सपाट ट्रेलरवर स्टील कॉइल कशी बांधायची? (तोरणगल्लू ते चाकण)

कराडकर_२२चाकी

नमस्कार मंडळी. आमच्या घरी उसाची वाहतूक. ट्रॅक्टर, जुगाड, सीझनला टोळी, एवढंच आम्हाला कळतं. यंदा चुलते आणि मी मिळून एक जुना २२ चाकी ट्रेलर घेतला. ४० फुटी, सपाट बेड, चेकर्ड प्लेटचा. रंग उडालाय पण चेसी सरळ आहे. एका ट्रान्सपोर्टरने कर्नाटकातल्या तोरणगल्लूच्या स्टील प्लांटहून चाकणला एचआर कॉइल, म्हणजे गरम लाटलेल्या पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या, आणायचं काम द्यायचं कबूल केलंय. पहिल्या खेपेला दोन नग, एक २१ टनाचा आणि एक १७ टनाचा. रुंदी दोन्हींची १२५० मिमी.

उसाची मोळी कशी आवळायची ते मला सांगायची गरज नाही, पण ही वस्तू वेगळी आहे. आमचा ड्रायव्हर म्हणतो, आठ लाकडी पाचरी आणि वायर रोप, झालं काम. ट्रान्सपोर्टरचा माणूस म्हणतो, पाच टनी बेल्ट चार घ्या, म्हणजे वीस टन बांधले गेले. हा हिशेब मला पटत नाही, पण का पटत नाही ते मला सांगता येत नाही.

तर वायर रोप, साखळी की बेल्ट? आणि किती? ज्यांनी स्वतः कॉइल वाहिलीय त्यांनी सांगावं.

सरळ_चाल

वायर रोप बेस्ट. ताणत नाही, तुटत नाही, स्वस्त. टॉमी (लोखंडी दांडा) मारून पीळ द्यायचा आणि निघायचं. आम्ही कायम असंच नेतो. बेल्ट वगैरे कंपनीच्या गेटवर दाखवायला.

यार्डातले_अण्णा

मी आता गाडी चालवत नाही. यार्डात बसून दुसऱ्यांच्या गाड्या तपासतो आणि परत पाठवतो, त्यामुळे लोकप्रिय नाही. तू वयाने लहान दिसतोस म्हणून एकेरीत लिहितोय, राग मानू नकोस.

वरच्या गृहस्थांच्या वायर रोपवर मी लगेच तुटून पडत नाही. पण तू प्रश्न शेपटीकडून धरलायस. कशाने बांधू हे नंतर विचार. कॉइल बसणार कशात, ते आधी सांग. घागर डोक्यावर घेऊन चालणारी बाई दोन्ही हात मोकळे सोडते, कारण खाली चुंबळ असते. तुझ्या २१ टनाच्या घागरीखाली काय आहे? आठ पाचरी. त्या पाचरी कशाला धरून आहेत? कशालाच नाही, चेकर्ड प्लेटवर नुसत्या ठेवल्यात. जोरात ब्रेक लागला की कॉइल पाचरीला घेऊनच पुढे सरकते. लाकडाला लाकूड जोडून खिळे ठोकलेस तरी तेच, त्या वजनापुढे खिळा टिकत नाही.

म्हणून आधी पाळणा बनवून घे. दोन मजबूत आडवे बीम, एक कॉइलच्या पुढे आणि एक मागे, आतल्या बाजूला ३५ अंशांचा उतार, उतारावर रबर. दोन्ही बीम एकमेकांना लांब बोल्टने जोडलेले, म्हणजे कॉइलने रेटलं तरी फाकत नाहीत. बीम बेडच्या दोन्ही गर्डरांवरून आडवे गेले पाहिजेत, नाहीतर सगळं वजन मधल्या पत्र्यावर येऊन पत्रा बसतो. आणि अख्खा पाळणा बेडला बोल्टने पक्का. वेल्डिंगचे चार टाके मारून देणारा फॅब्रिकेटर भेटेल, त्याला चहा पाजून परत पाठव.

आता खरी मेख. पाळण्यात बसलेल्या कॉइलचं बूड बेडला टेकता कामा नये. दोन सेंटिमीटर तरी फट हवी. बूड टेकलं म्हणजे कॉइल उतारांवर बसलेलीच नाही, उतार फक्त शोभेला आहेत. हात घालून बघायचं नाही, कधीच नाही. एका बाजूने बॅटरी मारायची आणि दुसऱ्या बाजूला उजेड दिसतो का बघायचा. लोड झालेल्या गाडीचं पहिलं काम हे. मी इथे गेटवर पहिली बॅटरी मारतो, बेल्ट मोजतो नंतर.

तुझे दोन नग दोन वजनांचे आहेत, तेव्हा हेही ऐक. १२५० रुंदीची २१ टनाची कॉइल साधारण १.८ मीटर व्यासाची भरते, १७ टनाची १.६७ च्या आसपास. मोठीच्या मापाने बनवलेल्या पाळण्यात छोटी ठेवलीस तर ती जास्त खोल जाते आणि तुझी दोन सेंटिमीटरची फट अर्ध्यावर नाही, पाव हिश्श्यावर येते. म्हणून बीममधलं अंतर कमी-जास्त करता येईल अशी भोकांची रांग ठेवून घे. मोठीला दोन्ही टेकण्याच्या रेषांमध्ये एक मीटरच्या जरा वर अंतर येतं, छोटीला एक मीटरच्या जरा आत.

मग बांधणं. कॉइलचा डोळा, म्हणजे मधलं भोक, रस्त्याच्या दोन कडांकडे बघत असेल असं धरून सांगतो, तुझ्या गाडीला पुढे खांब नाहीत म्हणून तसंच ठेव. डोळ्यातून साखळी घालायची आणि दोन्ही टोकं पुढच्या बाजूच्या हुकांना. दुसरी साखळी डोळ्यातूनच, पण मागच्या हुकांना. साखळी बेडशी जितकी पडती तितकी पुढे-मागे जास्त धरते. उभी बांधलीस तर ती नुसती खाली दाबते. वरून एक-दोन बेल्ट टाक, ते कॉइल पाळण्यात दाबून धरतात, त्यांच्याकडून तेवढीच अपेक्षा. साखळी ८० ग्रेडची, १० मिमी, पत्र्याचं लेबल लटकलेलं असेल तीच घे. लेबल नाही म्हणजे ती विहिरीवरची साखळी आहे असं समज.

साखळीला सहा टनांचं लेबल आणि बेडचा हुक सव्वा टाक्यावर, असे जुने ट्रेलर मी रोज बघतो. तुझाही जुना आहे. हुक हातोडीने वाजवून बघ, आणि शंका आली तर बेडच्या खालच्या क्रॉस मेंबरपर्यंत नेऊन नवे लावून घे. खर्च आहे. मी नाही म्हणत नाही.

साखळी जिथे कॉइलच्या कडेवरून वळते तिथे जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा घाल. कड दबली तर चाकणवाला माल परत करतो. बेल्ट असेल तर कड त्यालाच कापते. तुकडे प्लांटच्या बाहेर भंगारवाल्याकडे मिळतात.

आणि सरळ_चाल साहेब, वायर रोप ताणत नाही हीच त्याची अडचण. रस्त्यात कॉइल जरा बसली की रोप एकदम ढिला पडतो आणि टॉमी निसटते. वापरायचाच असेल तर टर्न बकल (आटे फिरवून ताण द्यायचं) लावा आणि क्लॅम्पचा यू आखूड टोकाच्या बाजूला येऊ द्या. मी बघतो त्यातल्या बऱ्याच गाड्यांवर तो उलटा असतो.

ढोबळ_गणित

मी पॅकेजिंग आणि लोड सिक्युरिंगचं काम करतो, प्लांटसाठी. अण्णांच्या म्हणण्याला फक्त आकडे जोडतो, कारण "पाच टनी बेल्ट चार म्हणजे वीस टन" हे वाक्य मला आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं.

बेल्टवर जे पाच टन लिहिलंय ते बेल्ट गोल फिरवून दोन्ही पदर धरून आहे. एका पदराचं २५०० डेकान्यूटन असतं, म्हणजे ढोबळ अडीच टन. पण तुम्ही हाताने रॅचेट (बेल्ट आवळायचा खटका) ओढता तेव्हा बेल्टमध्ये ताण किती येतो? लेबलवर एसटीएफ म्हणून आकडा असतो, साध्या रॅचेटला तो ३०० च्या आसपास. म्हणजे तीनशे किलो. वरून टाकलेला बेल्ट माल फक्त दाबतो, आणि त्या दाबामुळे जे घर्षण वाढतं तेवढाच त्याचा उपयोग.

आता हिशेब. जोरदार ब्रेकला माल वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे जाऊ पाहतो असं धरतात, युरोपात आणि अमेरिकेत दोन्हीकडे. बाजूला ०.५ पट. २१ टनाला पुढे १६.८ टन. लोखंडावर लोखंड, त्यावर तेलाचा हात, घर्षण ०.२ धरा. ते धरून ठेवतं ४.२ टन. उरले १२.६. एक बेल्ट दोन्ही बाजूंनी मिळून सहाशे किलो दाबतो, त्याचे ०.२ म्हणजे १२० किलो. १२.६ टनाला १०५ बेल्ट. एका कॉइलला.

खाली चांगलं रबर टाकलं की घर्षण ०.६ होतं आणि तोच आकडा बारावर येतो. बारा बेल्टही कोणी लावणार नाही. म्हणून अडवणूक हवी, म्हणजे अण्णांचा पाळणा. ३५ अंशांचा उतार ०.७ पर्यंत कॉइल अडवतो. वरचे ०.१ साखळ्यांकडे. आता साखळ्या आणि बेल्ट मिळून चार पुरतात.

अमेरिकेच्या नियमात कॉइलसाठी स्वतंत्र कलमच आहे. त्यात नुसत्या खिळ्यांनी ठोकलेल्या ठोकळ्यांवर भरवसा ठेवायला स्पष्ट मनाई आहे, आणि डोळ्यातली साखळी बाजूने बघितल्यावर बेडशी शक्यतो ४५ अंशांच्या आत असावी असं म्हटलंय. युरोपात जड कॉइलचे ट्रेलर वेगळेच असतात, बेडमध्येच लांबीच्या दिशेने खोबण, डोळा पुढे-मागे, आणि समोर खांब रोवलेले. आपल्या सपाट ट्रेलरवर खांबांशिवाय डोळा पुढे-मागे ठेवणं म्हणजे ब्रेकला पुढे घसरायची वाट मोकळी.

एक अजून. पुढेमागे स्लिट केलेली अरुंद कॉइल मिळाली तर हा सगळा हिशेब बदलतो. रुंदी व्यासाच्या निम्म्याच्या जवळ आली की वळणावर ती बाजूला आडवी पडू शकते. तुमची १२५० वाली पडणार नाही.

कराडकर_२२चाकी

१०५ बेल्ट! हे मी ट्रान्सपोर्टरला वाचून दाखवणार आहे.

अण्णा, राग कसला, एकेरीच बोला. तीन गोष्टी विचारतो. एक, प्लांटमधला क्रेनवाला आपलं ऐकतो का? तो ठेवेल तिथे ठेवून मोकळा होईल. दोन, दोन नग बेडवर कुठे कुठे ठेवायचे? तीन, ट्रान्सपोर्टर म्हणतोय की जमलं तर तिसरा छोटा नग पण टाकू, भाडं टनावर आहे.

यार्डातले_अण्णा

तिसऱ्यापासून सुरू करतो. नाही.

तुझ्या २२ चाकीला २०१८ च्या बदलानंतर एकूण ५५ टन चालतात, आधी ४९ होते. आरसी बुकात तुझ्या गाडीचा आकडा काय आहे तो बघ, गाडी जुनी आहे, तोच खरा. त्यातून रिकामं वजन वजा कर. पाळण्याचे बीम, साखळ्या, ताडपत्री, स्टेपनी, सगळं त्या रिकाम्या वजनात आलं, हे लोक विसरतात. ३८ टन टाकल्यावर फार काही उरत नाही. जास्त निघालं तर मोटार वाहन कायद्याच्या १९४ कलमाखाली वीस हजार आणि वर दर जास्तीच्या टनाला दोन हजार, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवून घे म्हणतात. कर्नाटकात रस्त्याच्या कडेला १० टनाची कॉइल कुठे उतरवणार?

क्रेनवाला ऐकत नाही, बरोबर. त्याला सी हुक डोळ्यात घालायचा असतो आणि पुढची गाडी ओढायची असते. त्यामुळे भांडण करू नकोस, बेडवर खडूने रेघा मार. पाळणे आधीच बोल्ट करून आत जा. रिकामा पाळणा आणि पांढरी रेघ दिसली की तो बरोबर मध्ये ठेवतो, त्यालाही तेच सोपं पडतं. पाळणा नसलेल्या गाडीवर तो वाट्टेल तिथे ठेवणार. आणि क्रेन हलत असताना बेडवर कोणी उभं राहायचं नाही. तुझा क्लीनर पाचर घालायला पुढे जाईल, त्याला खाली ओढ.

जागा. जड नग किंगपिन (ट्रेलर पुढच्या गाडीला जोडायची खुंटी) आणि मागचे तीन एक्सल यांच्या मधल्या पट्ट्यात. दोन्ही नग मागच्या एक्सलवर टाकलेस तर घोड्याच्या, म्हणजे ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या, मागच्या चाकांवर वजन येत नाही, चढाला आणि ओल्या रस्त्याला चाकं नुसती फिरतात. दोन्ही पुढे टाकलेस तर घोड्याचा एक्सल भरून जातो. प्लांटच्या काट्यावर आधी फक्त घोडा चढवून आकडा घे, मग पूर्ण गाडी. पहिल्या खेपेला हे कर, मग खडूच्या रेघा कायमच्या रंगाने मार.

आता रस्ता, कारण कोणी विचारला नाही तरी मला सांगायचाय. लोड झाल्यावर होस्पेट ओलांडलं की थांब आणि सगळ्या साखळ्या बघ. पहिल्या काही किलोमीटरात कॉइल बसते, साखळी हमखास एक-दोन कड्या सैल सापडते. पुढे हुबळी, धारवाड, बेळगावपर्यंत रस्ता सरळ आहे, कंटाळा येईल एवढाच. निपाणीच्या अलीकडे तवंदी घाट उतरताना जो गिअर चढायला लागला असता त्याच गिअरमध्ये उतर.

कराडला घरी जेवायला थांबशील, थांब. पण जेवून गाडीवर चढताना साखळ्यांवर हात फिरव. कारण पुढे खंबाटकी. पुण्याकडे जाताना जुना बोगदा सोपा वाटतो, आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतारावर ते इंग्रजी एससारखं वळण येतं. तिथे कॉइल पुढे जाऊ बघत नाही, बाजूला जाते, आधी एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या. वेग दुप्पट केलास की बाजूचा ओढा चौपट होतो. पाळणा पुढे-मागे धरतो, बाजूला मात्र रबर आणि साखळ्याच आहेत. म्हणून उतारावरच्या रबराला तेल लागलं असेल तर प्लांटमध्येच पुसून घे, आळस करू नकोस.

आणि मग कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंतचा उतार. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे तिथेच सापडतात. किती वाचतं माहीत आहे? मी काढून बघितलं नाही आणि काढणारही नाही. इंजिन बंद केलंस तर हवेची टाकी भरायची थांबते आणि ब्रेक मारत मारत हवा संपते. तुझ्या ड्रायव्हरला हे पाठ असेल, तरी पण तू मालक आहेस, तोंडाने एकदा सांग. पगारात डिझेलची बचत त्याला बक्षीस म्हणून देत असशील तर ती योजना आजच बंद कर.

सरळ_चाल

अण्णा, एवढं सगळं करायला लागलो तर खेप परवडणार कशी? साखळ्या, त्या ताणायचे बाईंडर, पाळणे. भाडं कोण वाढवून देतंय?

यार्डातले_अण्णा

कोणी देत नाही. हे खरं आहे आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. ट्रान्सपोर्टर पाळण्याचे पैसे देणार नाही आणि कॉइल सुटली तर पहिला फोन गाडीमालकाला. एवढंच म्हणेन की पाळणा वर्षानुवर्षं टिकतो आणि लाकडी पाचरी दर दोन-चार खेपांना फुटतात, त्या तुम्ही विकत घेताच की.

बाईंडर घेताना मात्र रॅचेटचा घ्या. दांडा खटकन पाडायचा प्रकार असतो, त्याला लोक पाईप घालून ओढतात. तो सुटला तर थेट जबड्यावर येतो.

स्टोअर_चाकण

मी माल घेणाऱ्या बाजूची. आमच्याकडे रोज कॉइल उतरतात, आणि अण्णांनी उतरवण्याबद्दल काही लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

ड्रायव्हर गेटमधून आत आला की वेळ वाचवायला रांगेत उभ्या उभ्याच साखळ्या सोडायला लागतात. दादा, तसं करू देऊ नका. आमच्या यार्डाला पावसाचं पाणी जावं म्हणून ढाळ आहे, बहुतेक कारखान्यांना असतो. रांगेत गाडी दोन फूट पुढे घ्या म्हटलं की झटका बसतो. क्रेनचा हुक डोळ्यात गेला, दोर ताणला, मग शेवटची साखळी सुटली पाहिजे. दोन नग असतील तर एकाच्या सोडा, तो उतरू द्या, मग दुसऱ्याच्या. एक नग उचलला की बेड वर येतो आणि दुसऱ्याखालचा ताण बदलतो.

निघण्याआधी आम्हाला फोन करून विचारा की उतरवायला सी हुक आहे की बेल्ट स्लिंग, आणि क्रेन कोणत्या बाजूने येते. आमच्या एका शेडमध्ये डोळा आडवा चालतो, दुसऱ्यात चालत नाही. चुकीच्या शेडला आलात तर दिवस जातो आणि थांबल्याचे पैसे कोणी देत नाही.

वरून ताडपत्री पण हवी. एचआर आहे म्हणून गंजाचं एवढं नाही म्हणतात सगळे, पण आत पाणी साचलेली कॉइल आमचे क्वालिटीवाले बाजूला काढतात. ताडपत्रीची दोरी साखळ्यांच्या वरून, वेगळी बांधा. साखळी तपासायला ताडपत्री सोडावी लागली तर ड्रायव्हर ती सोडणारच नाही.

कराडकर_२२चाकी

ताई, हे कोणी सांगितलं नव्हतं. फोन करतो.

कराडातल्या फॅब्रिकेटरकडे जाऊन आलो. अण्णांचा ३५ अंश आणि भोकांची रांग कागदावर काढून दिली. तो म्हणाला बोल्ट कशाला, वेल्ड मारतो. चहा पाजला. आता दुसऱ्याकडे निघालोय. एकच शंका, रबर उतारावर चिकटवायचं की बोल्ट करायचं?

यार्डातले_अण्णा

बोल्ट, आणि डोकं रबराच्या आत बुडालेलं. डोकं वर राहिलं तर कॉइलला वळ पडतो आणि ताईंचे क्वालिटीवाले तुला परत कराडला पाठवतील.